झाम्फिरावहिनींची लेउश्तानची बरणी

झाम्फिरावहिनी रागावल्या की आमच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा वाट बदलायची. त्या रागावलेल्या नाहीत असा दिवस मला तरी आठवत नाही. कुणी शेपू ओलाच बांधून ठेवला की राग, पार्सलीची मुळं कापली की राग. "काळी पडते, सडते, कितीदा सांगायचं?" त्यांच्या घरी शेपूची जुडी कोरड्या फडक्यात, पार्सली मुळांसकट तळघरातल्या वाळूत, आणि लेउश्तान मिठात. लेउश्तान म्हणजे पुरुषभर उंच वाढणारा उग्र वासाचा पाला. चोर्ब्यात, म्हणजे आमच्या आंबट रश्श्यात, तो नसला तर आमच्याकडचा माणूस चमचा खाली ठेवतो.

वहिनींचा नवरा तोआदेर, माझा शाळेतला सोबती, भर उन्हाळ्यात गेला. जायच्या थोडे दिवस आधी त्यानं कुंपणाजवळचा लेउश्तान कापून दिला होता. वहिनींनी तो बारीक चिरला, मीठ चोळून बरणीत दाबून भरला. भांडण त्या दिवशीही झालंच. "देठं कशाला ठेवलीत? मी काय शेळी आहे?"

जानेवारीत त्याच्या नावानं गावजेवण ठरलं. वहिनींनी एकच हट्ट धरला, चोर्ब्यात तीच बरणी पडणार. "त्याच्या हातचा शेवटचा पाला आहे. सगळ्यांच्या तोंडी लागला पाहिजे."

अंगणात मोठा हंडा चढला. वहिनींनी त्यात मीठ घातलं नाही, बरणीत होतंच ना! पण तसं त्या कुणाला बोलल्या नाहीत. इतकं कुणालाही कळतं, असं त्यांचं मत. मग त्या बरणी आणायला तळघरात उतरल्या. थंडीनं झाकण आवळून बसलेलं. त्या झाकणाला शिव्या घालत असल्याचं आम्हाला वर ऐकू येत होतं.

झाकण निघालं. वहिनींनी अख्खी बरणी हंड्यात उपडी केली, ढवळलं, चाखलं आणि चमचा अंगणापार भिरकावला.

"मीठ कुणी टाकलं?"

नणंद कासांद्रा पुढे आली. "अगं वहिनी, अगदीच अळणी लागत होतं. म्हटलं, दुःखात विसरलीस."

"मी विसरले? तू स्वतःच्या लग्नाला बूट विसरून आली होतीस, कासांद्रा!"

"मीही टाकलं हो," चर्चमध्ये गाणारा इलारिओन म्हणाला. "पण मूठभरच. हिनं आधी टाकलंय हे मला काय ठाऊक?"

"मूठभर? तुझी मूठ आहे की फावडं?"

पाद्रीबाबा दाढीत बोटं घालून आभाळ बघत होते. वहिनी त्यांच्याकडे वळल्या. "बाबा, तुम्ही?"

"चिमूटभर, बाई. चव घेतली आणि राहवलं नाही."

कासांद्रानं हळूच विहिरीकडे पाहिलं. "दोन बादल्या पाणी ओतू या का?"

"तोआदेरच्या पाल्यावर पाणी? आधी माझ्या डोक्यावर ओत! काही ओतायचं नाही. केलंत तसं खा. आणि ताटात ठेवाल तर याद राखा!"

खाल्लं. कोण नाही म्हणणार? मक्याच्या उकडीबरोबर, डोळे मिटून, घास घास गिळला. आणि मग जी तहान लागली! विहिरीशी रांग. वहिनी बादलीजवळ उभ्या, दात-ओठ खात एकेकाला पेला भरून देत होत्या. आता, मेलेल्याच्या नावानं काहीही मिळालं, अगदी पाणीसुद्धा, तरी घेणाऱ्यानं "देव त्याला क्षमा करो" म्हणायचं, ही आमची रीत. कासांद्रा म्हणाली. पुन्हा आली, पुन्हा म्हणाली. इलारिओननं तर सूर लावून म्हटलं. अंधार पडेपर्यंत तेच चाललं होतं. इतकी क्षमा आमच्या गावात कुणाच्या वाट्याला आलेली नाही. आणि तोआदेरला गरजही होती; पाद्रीबाबांच्या वडिलांच्या आलुबुखाराच्या झाडाखालून तो कधी रिकाम्या खिशानं गेला नाही.

मी म्हटलं, "वहिनी, खूश असेल हो तो."

"त्याला काय जातंय? बरणी माझी रिकामी झाली!"

बरणी त्यांनी छातीशीच धरली होती. सगळे गेले तेव्हा त्यांनी आतून बोट फिरवलं, चाटलं आणि तोंड वाकडं केलं.

"देठं," त्या म्हणाल्या. "सांगितलं होतं मी."

आणि पुन्हा एकदा बोट फिरवलं.