फुंकर मारायला कॉलेज कशाला!

आमच्या खानदानात श्वास कसा घ्यावा हे कुणाला शिकवावं लागलं नाही, आणि सोडावा कसा हे तर भले भले अडाणी एका झटक्यात करून दाखवून गेले. पण माझ्या वडलांना, म्हणजे आबांना, जन्मभर जिनिंगमधला कापूस छातीत भरून घेतल्यावर धाप लागायला लागली, आणि डॉक्टरांनी घरी एक फिजिओथेरपिस्ट धाडली.

सवाल जिन्याचा होता. पडेगावातला आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दोन महिने आबा खाली उतरले नव्हते.

"जिना चढता येत नसंल तर मला गावाकडं सोयगावला नेऊन सोड. हितं पिंजऱ्यात नाय ऱ्हायचं मला!" हे रोजचंच.

सना मॅडम आल्या. म्हणाल्या, "आबा, नाकानं हळू श्वास घ्या. मग ओठांचा चंबू करून लांब फुंकर, गरम चहावर मारतो तशी. पायरी चढताना फुंकर. दम लागला की खाली बसायचं, पुढं वाकून, कोपरं मांडीवर."

बस्स? ह्यासाठी एवढी वर्षं कॉलेज? मी घराण्यातला पहिला पदवीधर (बी.ए., राज्यशास्त्र, तेही कॉपी न करता!). मला राहवेना.

"मॅडम, अशी फुंकर तर आमची गावाकडची म्हैसपण मारते!"

"मग तिला धाप लागत नसेल," बाई शांतपणे म्हणाल्या.

आबांना मात्र लगेच जमलं. जमणारच! जन्मभर बशीतून चहा प्यालेला माणूस. (फ्लॅटमध्ये आल्याबरोबर त्या बश्या मीच माळ्यावर टाकल्या होत्या. शिकलेल्या घरात ते फुर्र फुर्र शोभत नाही!)

बाई गेल्या आणि मी सूत्रं हातात घेतली. रविवारी आबांना खाली उतरवलं. वर येताना मी पुढं, उलट्या पावलांनी, कवायतीच्या आवाजात, "श्वास घ्या! सोडा! घ्या! सोडा!"

पहिल्या मजल्याच्या अलीकडंच आबा कळवळले, "आरं, दम तर खाऊ दे!"

"थांबायचं नाही! छाती भरून!"

आबांनी माझ्याकडं तापट बैलाकडं बघावं तसं बघितलं, पायरीवर बसले, कोपरं मांडीवर टेकली आणि सावकाश फुंकर मारू लागले. माझं डोकं फिरलं. "अहो, तसं नाही! असं! असं!" म्हणत मीच भात्यासारखे वीस-पंचवीस श्वास हाणले. बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले, आणि डोक्याभोवती अख्खा जिना गरगरला. मी आडवा!

पहिल्या मजल्यावरचे रफीकभाई धावत आले. "अरे, फिट आई इसकू! चप्पल सुंघाओ!"

चप्पल कुणाची, हे विचारायची शुद्ध नव्हती. ती नुकतीच मटण मार्केटातून आली होती, एवढं नाकाला कळलं. शेजारच्या काकूंनी वरून नाकाशी कांदा फोडला.

"आबा, काय झालं हो ह्याला?" काकूंनी विचारलं.

"काय नाय. लई शिकलाय ना, त्यानं व्हतंय असं अधूनमधून."

शेवटी चौघांनी मला उचलून वर नेलं. बघतो तर आबा आमच्याआधी दारात! एक पायरी, एक फुंकर करत कधी चढले कुणालाच कळलं नाही. फोनवर सना मॅडमला सांगत होते,

"व्हय मॅडम, तिन्ही मजले! आता मी हितंच ऱ्हातो. पोराला धाडतो सोयगावला. तिथल्या घराला जिना नाय."