डिस्क भरताना बोलू नये

अकोल्यातल्या दोन दुकानांनी माझा जुना लॅपटॉप भंगारात द्यायला सांगितलं. मुलीने पहिल्या पगारातून घेऊन दिलेला, म्हणून मी तिसऱ्या दुकानात गेलो. तिथल्या जाड चष्म्याच्या गृहस्थाने लॅपटॉपची हार्ड डिस्क काढून आपल्या डेस्कटॉपला जोडली आणि तिच्यात नवी ऑपरेटिंग सिस्टीम भरायला घेतली. कुणी तोंड उघडलं की तो ओठांवर स्क्रूड्रायव्हर ठेवी.

“आवाजाने बिघडतं का?” मी कुजबुजलो.

“नाई. पन तुमी बोलले का मी बोलतो, अन् मी बोललो का दुसऱ्याचीच डिस्क पुसतो. मांगच्या महिन्यात एका वकिलाची पुसली.”

आम्ही चार गिऱ्हाइकं मुकाट बसलो. अखेर डिस्क परत बसवल्यावर लॅपटॉप सुरू झाला.

“आता बोला,” तो म्हणाला, आणि पुढचा तासभर त्याने आम्हाला बोलूच दिलं नाही.