ब्लॉकखालचं खत

आमच्या इमारतीत मला 'शेणवाली काकी' म्हणतात. तोंडावर नाही, लिफ्टमध्ये. म्हणोत बापडे. शेणाची लाज वाटायला मी काही आभाळातून पडलेली नाही. ही इमारत उभी आहे तिथे आमचं घर होतं, घरामागे गोठा आणि गोठ्यामागे खताचा खड्डा. घणसोली गावातल्या बऱ्याच जणांनी घरं बिल्डरला दिली, तशी आम्हीही दिली आणि बदल्यात तळमजल्यावर फ्लॅट घेतला. घर गेलं, गोठा गेला. मागच्या भिंतीलगत मातीचा एक पट्टा तेवढा उरला, आणि कोपऱ्यात तो खड्डा. तो मी सोडला नाही.

पट्ट्यात मी वांगी लावते, अळू लावते, दिवाळी झाली की वाल. शेण तळवलीहून येतं, तिथे नणंदेकडे अजून म्हशी आहेत. खड्ड्यात शेणाचा थर, त्यावर पालापाचोळा, थोडी राख, वर माती. ताजं शेण झाडाला घातलं तर मुळं करपतात, ते मुरावं लागतं. मुरलं की नाही हे बघायचं तर कोपरापर्यंत हात आत घालायचा. गरम लागलं तर कच्चं, गार लागलं तर तयार. हे मला माझ्या नवऱ्याने शिकवलं. लग्न होऊन आले त्या वर्षी माझा हात धरून त्यांनी खड्ड्यात घातला होता आणि माझं तोंड बघून पोट धरून हसले होते.

पुढे ते कंपनीत लागले, रिटायर झाले आणि सोसायटीच्या कमिटीत जाऊन बसले. तिथेच खड्ड्याचा विषय निघाला आणि मलाही मीटिंगला बोलावलं. आमचा सेक्रेटरी बोलायला फार गोड.

"काकी, तुमचं गार्डनिंग छानच आहे हो. पण स्मेल येतो. हायजिनचा इश्यू आहे. हल्ली खत पॅकेटमध्ये मिळतं."

"त्या पाकिटात पन शेनच हाय," मी म्हटलं. "न् मुरलेल्या खताला वास नाय येत. वास येतो तो तुमच्या गटाराचा. चला, दाखवते."

कोणी उठलं नाही. कोपऱ्यात पेव्हर ब्लॉक टाकून पार्किंग करायचं ठरलं. मंजूर असेल त्यांनी हात वर करा, सेक्रेटरी म्हणाला. माझ्या नवऱ्यानं हात वर केला.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. घरी येताच विचारलं, "लाज नाय वाटली?"

"लोका काय म्हनतील गो? आता आपुन सोसायटीत रातो."

"सोसायटी कुनाच्या जागेवर हाय?"

त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलू लागले.

गणपती झाल्यावर कामगार आले. भरलेला खड्डा उपसायची कोणाची तयारी नव्हती, म्हणून त्यावरच रेती ओतली, दाबली आणि ब्लॉक बसवले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. खत मुरताना खाली बसतं, हे एकदा तरी खड्डा भरलेल्या कुणालाही माहीत असतं. मी काही बोलले नाही. हेही शेजारी उभे होते, तेही बोलले नाहीत.

नवरात्रात ब्लॉक डुगडुगायला लागले. दसऱ्याला सेक्रेटरीनं गाडी धुऊन, हार घालून नेमकी तिथेच लावली आणि पुढचं चाक खचलं. हारासकट गाडी नाकावर आली. मी हसले, आणि चांगली मोठ्यानं हसले. दिवाळीनंतर पुन्हा रेती टाकू, असं कमिटीनं ठरवलं.

दिवाळीनंतर म्हणजे माझ्या वालाच्या वेळेला! सासूबाई दिवाळीत दाराबरोबर खताच्या खड्ड्यावरही पणती लावायच्या. त्यांच्यामागे मी ते कधी चुकवलं नव्हतं आणि ब्लॉकवर पणती लावायला मी तयार नव्हते. पाडव्याच्या सकाळी लोक फराळाची ताटं घेऊन ये-जा करत होते, तेव्हा मी पहार घेऊन कोपऱ्यात गेले. पहिला ब्लॉक हट्टी निघाला, बाकीचे भराभर उचलले. मग फावड्यानं रेती बाजूला सारली. खाली काळंभोर खत दिसलं तेव्हा मला रडूच आलं, पण रडायला वेळ नव्हता. नवा कुर्ता घातलेला सेक्रेटरी धावत येत होता.

"काकी, अहो ही सोसायटीची प्रॉपर्टी आहे!"

"मंग मी कोन हाय? परत बसवा, मी परत काढीन. तुमची रेती संपंल, माझी पहार नाय संपायची."

भोवती माणसं जमली. कोणी व्हिडिओ काढत होतं, काढू दे. मी सकाळच्या उजेडातच खड्ड्याच्या कडेला पणती लावली. तेवढ्यात आमच्या खिडकीची जाळी सरकली. हे उभे होते. आता सगळ्यांदेखत मला आवरायला सांगणार, असं वाटून मी पहार घट्ट धरली.

"गार झालंय का गो?" त्यांनी विचारलं.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. मी खतात हात घालणारच होते, तो मागे घेतला आणि पदराला पुसला.

"भायेर या," मी म्हटलं, "न् हात घालून बगा."