दोघांनी उचलायचा फ्रिज

गाव सोडलं तेव्हा ट्रॉलीत सगळ्यात आधी फ्रिज चढला. माणसं नंतर. कृष्णेचं पाणी मारुतीच्या देवळाच्या दुसऱ्या पायरीला लागलं होतं, आणि शिरोळ तालुक्यातल्या आमच्या गावात त्याचा अर्थ शेंबडं पोरगंही सांगेल. गाद्या, जोंधळ्याची पोती, देव, टीव्ही, आणि मधोमध सुती दोरानं बांधलेला तांबडा फ्रिज. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्ती म्हणते, त्याच्या शेजारी एका पोत्यावर बसल्या आणि कोल्हापूर येईपर्यंत त्यांनी फ्रिजवरचा हात काढला नाही. आमचे हे म्हणाले, आडवा केला असता तर बसायला जागा झाली असती. आत्तींनी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "आडवा केला की त्येचा ग्यास मरतोय," एवढं म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून, "पानी उतारलं की परत न्यायचा हाय."

पाणी उतरलं. आम्ही परत गेलो नाही. गावात राहून हे वाचणाऱ्या तुम्हा सगळ्यांना ते माहीत आहे, आणि आमच्यासारखे जे इचलकरंजीला, पुण्याला, कुठं कुठं पांगले त्यांना वेगळं सांगायला नको. दोनदा घरातला चिखल खोऱ्यानं ओढून झाला की तिसऱ्यांदा हात वर येत नाहीत. ह्यांची नोकरी शिरोलीच्या एमआयडीसीत होतीच, मला एका शाळेच्या ऑफिसात काम मिळालं. आधी भाड्याच्या दोन खोल्या, मग दुसऱ्या मजल्यावरचा हा फ्लॅट. परत जायचं पुढं ढकलत गेलो आणि शेवटी राहूनच गेलं. आत्तींच्या लेखी मात्र फ्रिज इथं पाहुणा होता. त्याला बांधलेला दोर त्यांनी गुंडाळून त्याच्याच डोक्यावर ठेवला होता, वर क्रोशाचा रुमाल. धूळ पुसताना मी तो जरा इकडंतिकडं केला तरी विचारायच्या, दोर कुठं ठेवलास म्हणून.

फ्रिज मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी घेतलेला. जयसिंगपूरला जाताना त्यांनी शेजारच्या रसूलभाईंना बरोबर नेलं. रसूलभाई ट्रॅक्टर दुरुस्त करायचे, फ्रिजमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण त्यांना नेलं होतं उचलायला. दोघांनी दोन बाजूंनी धरून दुकानातला एकेक फ्रिज उचलून बघितला. दुकानदार आधी हसला, मग वैतागला. जो छातीपर्यंत आरामात आला तो घेतला. तोच तांबडा होता, म्हणून आमचा फ्रिज तांबडा. "दोघास्नी उचलंल एवढाच घ्यायचा," मामंजी म्हणायचे, "पानी आल्यावर तिसरा गडी कुठनं आणायचा?" पुढं दर पावसाळ्यात पाणी चढायला लागलं की ते दोघं फ्रिज माळ्यावर घालायचे आणि उतरलं की खाली घ्यायचे. एकमेकांना चार शिव्या, एकेक कप चहा, झालं. मामंजी आम्ही गाव सोडायच्या आदल्या वर्षी गेले. ट्रॉलीत फ्रिज चढवताना एक बाजू ह्यांनी धरली होती, दुसरी रसूलभाईंनी. गेल्या हिवाळ्यात रसूलभाईही गेले.

आणि या उन्हाळ्यात फ्रिजनं मान टाकली. दार नीट लागेना, दूध नासायला लागलं, खालून पाणी गळून फरशीवर थारोळं. स्वयंपाकघराचं काम निघालंच होतं, तेव्हा ह्यांनी ठरवलं की एकदा करायचं तर सगळं मॅचिंग करू. फ्रिज, चिमणी, मायक्रोवेव्ह, एका रंगात. ज्या माणसाला दोन्ही पायांत एका रंगाचे मोजे घालायचं सुचत नाही, त्याला अचानक मॅचिंगचं वेड लागलं. मी हो म्हटलं. वाद घालायला अंगात त्राण नव्हतं.

चार रविवार आम्ही राजारामपुरीतली दुकानं पालथी घातली. आठवडाभर ऑफिस, आणि सुट्टीच्या दिवशी त्या गार हॉलमधून चप्पल फरफटत फिरायचं. फ्रॉस्ट फ्री, इन्व्हर्टर, कन्व्हर्टिबल. करड्या रंगाचेच सहा प्रकार, आणि फ्रिजचा करडा चिमणीच्या करड्याशी जुळेल तर शपथ. चौथ्या रविवारी माझे पाय इतके दुखत होते की पुढचा दाखवतील तो घ्यायचा असं मी मनात ठरवून टाकलं. पुढचा होता एक उंच, दोन दारांचा. सेल्समन बोलत होता आणि मी काय करत होते? खाली वाकून, दोन्ही हातांनी त्याची एक बाजू धरून उचलायला बघत होते. माझं मलाच कळलं नाही.

"वैनी, उचलून काय बगतासा? आमची माणसं वर आणून देत्यात की," सेल्समन म्हणाला. मी ओशाळून उभी राहिले आणि तरीही विचारलंच, किती माणसं लागतात. चार, म्हणाला. मग त्यानं ऑफर सांगितली. तिन्ही वस्तू एकदम घेतल्या आणि जुना फ्रिज दिला तर मायक्रोवेव्ह त्याच पैशांत बसतो. नवा पोचवायला येतील तीच माणसं जुना घेऊन जातील. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, देऊया.

आत्तींना न विचारता म्हटलं. हे लपवण्यात अर्थ नाही, म्हणून लिहितेय. दर दिवाळीनंतर त्या म्हणायच्या, चला आता गावाकडं. दर वर्षी मी काहीतरी कारण काढायची, कधी शाळेचं, कधी त्यांच्या गुडघ्यांचं. मला त्या घराचा कंटाळा आला होता. तिथला ओला वास, पोपडे, दार उघडल्यावर आधी साप बघायचा. फ्रिज गेला की हा विषयच जाईल, असं मला त्या दुकानात उभ्या उभ्या वाटलं, आणि बरं वाटलं.

घरी येऊन सांगितलं तेव्हा आत्ती भाजी निवडत होत्या. त्यांनी हातातली जुडी निवडून संपवली. रात्री भाकरीचा चतकोर खाऊन उठल्या. मला वाटलं, आता दोन दिवस अबोला. पण सकाळी चहा घेताना त्यांनी आपणहून सांगितलं, "द्या तो. उचलणारं दोघंबी गेलं की. आता ठिवून काय करायचं?"

मला हवं होतं तेच झालं, आणि ते मला ऐकवेना. ह्यांना म्हटलं, राहू दे, मायक्रोवेव्ह नको आपल्याला. तर आत्तीच म्हणाल्या, बोलल्या शब्दाला जागावं माणसानं. मग मी गप्प बसले. दमलेल्या माणसाला गप्प बसायला कुठलंही कारण पुरतं.

ज्या दिवशी माल येणार होता त्या दिवशी मी अर्धी रजा टाकली, हेही घरी थांबले. चार माणसं आली. आधी जुना फ्रिज बाहेर काढायचा होता, तर त्यातल्या दोघांनीच दोन बाजूंनी धरला आणि सहज उचलला. मामंजींचं माप एवढ्या वर्षांनीही बरोबर निघालं. जिना अरुंद म्हणून ते त्याला आडवा करायला लागले. आत्ती भिंत धरून दारापर्यंत आल्या. "आडवा करू नगासा," म्हणाल्या. भंगारात जाणाऱ्या फ्रिजचा कसला आलाय गॅस, पण पोरं चांगल्या घरची होती. उभाच धरून एकेक पायरी उतरली. टेम्पोत घातल्यावर एक जण वर आला. बांधायला काही आहे का म्हणाला, आणि त्याची नजर आत्तींच्या हाताकडं गेली. फ्रिज हलवायच्या आधीच त्यांनी दोर काढून घेतला होता.

"दोर न्हाय मिळायचा," आत्ती म्हणाल्या. "त्यो आमाला लागतोय."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी त्याला कपडे वाळत घालायची दोरी सोडून दिली.

मग नवा आला. चौघांनी घाम गाळून आणला, भिंतीला लावला, आणि वायर प्लगपर्यंत पोचेना. हातभर कमी. सगळे वर बघायला लागले. प्लगचा पॉइंट माझ्या खांद्याच्याही वर होता. काम चालू असताना वायरमननं मला विचारलं होतं, फ्रिजचा पॉइंट कुठं घेऊ. मी ऑफिसच्या गडबडीत भिंतीला हात लावून म्हटलं होतं, इथं. त्यानं दोनदा विचारलं, एवढ्या वर? मी दोनदा हो म्हटलं. मग त्यानं पॉइंट तिथंच घेतला.

हे म्हणाले, कुठल्या शहाण्यानं सांगितलं हे? मी भिंतीपाशी गेले आणि हात लावला. तीच उंची. गावाकडच्या स्वयंपाकघरात पुराच्या पाण्याची जी पिवळी रेघ राहिली आहे, तिच्या वर चार बोटं. पहिल्या पुरानंतर गावात सगळ्यांनीच पॉइंट असे वर घेतले होते. दुसऱ्या मजल्यावर, कोल्हापुरात, कृष्णेपासून इतक्या लांब, मी तेच करून बसले होते. हसावं की रडावं कळेना. थोडं दोन्ही झालं.

नवी टाइल फोडायला ह्यांचा जीव होईना. वायर वाढवायची नाही, असं पोचवायला आलेल्यांनी बजावलं. मग खालच्या मजल्यावर उरलेले सिमेंटचे ठोकळे आणले आणि फ्रिज हातभर वर चढवला. आत्ती स्टुलावर बसून सांगत होत्या, डावीकडं घ्या, पाचर मारा, हलतोय. कित्येक दिवसांत त्यांचा आवाज एवढा मोठा ऐकला नव्हता. शेवटी उठल्या, हात लावून बघितला. "आता कसं? पानी आलं तरी भ्या न्हाय," म्हणाल्या. इथं पाणी येत नाही हे त्यांना कुणीच सांगितलं नाही. मग दोराचं भेंडोळं माझ्या हातात दिलं आणि बोट वर केलं. मी स्टुलावर चढून तो नव्या फ्रिजच्या डोक्यावर ठेवला, वर क्रोशाचा रुमाल.

मॅचिंगचं वाटोळं झालं. चिमणी एका रेषेत, फ्रिज आपला वर टांगल्यासारखा. येणारी प्रत्येक बाई विचारते, असं का हो केलंय? मी सांगते, वायर कमी पडली. खोटं नाही ते. पण तुम्हाला खरं सांगायचं तर, गाव सुटलं असं मी इतकी वर्षं बोलत आले आणि भिंतीला हात लावला तर हातानं गावच दाखवलं. घर कुठलं, असं कुणी विचारलं तर आता मला पटकन उत्तर देता येत नाही. या दिवाळीनंतर आत्ती काही म्हणायच्या आधी मीच म्हणणार आहे, चला. तोवर रोज संध्याकाळी ऑफिसातून येते, पाय दुखत असतात, आणि बर्फ काढायला टाचा उंच कराव्या लागतात. चिडचिड होते. हात आत घालताना वर रुमालाखालून लोंबणारं दोराचं टोक दिसतं.