इनेझचा उजवा डोळा

विरारजवळ बोळिंजच्या पुढे वाडीत राहणाऱ्या इनेझचे खरे डोळे गावात कुणी पाहिलेच नव्हते. दुसरीत लागलेला चष्मा पन्नाशी उलटली तरी नाकावरून हलला नव्हता, आणि काचा इतक्या जाड की त्यामागचे डोळे चिंचोक्याएवढे दिसत. त्याच चिंचोक्यांनी तिने निम्म्या गावच्या नवरीमुलींचे पांढरे झगे शिवले होते. टाका कधी वाकडा गेला नाही. पण तिचा स्वतःचा फोटो काढला की काचा चमकत आणि चेहऱ्याच्या जागी दोन दिवे उमटत.

तिच्या भावाच्या, फर्डिनंडच्या, मुलीचं लग्न ठरलं तेव्हा इनेझने जाहीर केलं की रिचेलच्या लग्नात आपण काँटॅक्ट लेन्स घालणार. नवरा बेनेडिक्ट म्हणाला, या वयात कोण बघणार आहे तुझ्याकडे. झालं! पुढे कित्येक दिवस त्याला बोंबलाचं कालवण दिसलं नाही. विरारच्या दुकानातून लेन्स आल्या आणि इनेझ पार बेभान झाली. चष्म्यातून जग लहान आणि लांब दिसायचं, ते एकाएकी मोठं होऊन अंगावर आलं. ती रस्त्याने ओळखीच्या-अनोळखीच्या सगळ्यांना हात करत सुटली. केळीच्या पानावरचा मुंगळा दाखवायला तिने शेजारणीला चुलीपासून ओढत आणलं. शेजारणीचं दूध उतू गेलं ते वेगळंच.

आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीच्या अंघोळीचं पाणी विहिरीवरून वाजतगाजत आणतात. पुढे बँड, मागे कळश्या घेतलेल्या बाया, आणि पहिली कळशी आत्याची. पाणी फर्डिनंडच्या विहिरीचं. ही विहीर म्हणजे त्याचा जीव की प्राण. येणाऱ्याजाणाऱ्याला तो पेला भरून देई आणि चव कशी आहे विचारी. नुसतं ‘गोड आहे’ म्हटलेलं त्याला पुरत नसे, चार शब्द जास्त बोलावे लागत. त्या दिवशी इनेझ पाणी भरून नाचत नाचत परत निघाली आणि नाचाच्या भरात तिची उजवी लेन्स निसटून गालावर आली. लेन्स धुवायची औषधाची बाटली घरी कपाटात होती. पण हातात कळशी होती, लग्नाची, भावाच्या विहिरीची. याहून चोख पाणी जगात कुठलं? तिने लेन्स त्यात खळबळून घेतली, डोळ्यात बसवली आणि बँड पुढे जायच्या आत पुन्हा नाचायला लागली.

लग्न झोकात झालं. रिचेल सासरी रुळते न रुळते तोच इनेझचा उजवा डोळा लाल झाला, आणि मग असा ठणकू लागला की उजेडाची तिरीप आली तरी ती कळवळायची. शेजारणींनी मीठ-मिरच्या ओवाळल्या. कुणी डोळ्यांची राखण करणाऱ्या संत लुसीची नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, आणून दिली. जवळच्या डॉक्टरांनी डोळे आल्याचे थेंब दिले. कशाचाच उपयोग झाला नाही, तेव्हा तिला डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला: लेन्सला कधी साधं पाणी लागलं होतं का?

खोलीत बेनेडिक्ट होता, फर्डिनंड होता आणि नवी नवरी रिचेलही होती. इनेझ सरळ नाही म्हणाली. लग्नाच्या पाण्याने आत्याचा डोळा गेला असं एकदा बोललं गेलं की लोक पोरीच्या संसाराला अपशकुनी ठरवायला मोकळे. भाऊ तर विहिरीत उडीच टाकेल. डॉक्टरीणबाईंनी मग दुसऱ्याच रोगाची औषधं सुरू केली आणि डोळा आणखी बिघडला. त्यात नुसतं पांढरं धुकं उरलं. असंच चाललं तर डोळा हाती लागणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. फर्डिनंडकडे न बघता इनेझ म्हणाली, “मी खोटं बोलले. लेन्स विहिरीच्या पान्याने धुतली होती. नवरीच्या कळशीतल्या.”

डॉक्टरीणबाई रागावतील असं सगळ्यांना वाटलं, पण त्या खुर्चीतून आनंदाने उठल्याच. बुबुळावरचा पापुद्रा खरवडून तपासला आणि गुन्हेगार सापडला. अमीबा! एका पेशीचा जीव. मातीत, तळ्यात, विहिरीत आपला आपण सुखाने जगतो, पिणाऱ्याला सहसा काही करत नाही; पण लेन्सखाली अडकला की बुबुळ कुरतडत बसतो. विहिरीचा काही दोष नाही, नळाच्या पाण्यातही तो असतो, असं बाईंनी समजावलं. फर्डिनंडने विहिरीला दोष दिलेला एक वेळ सोसला असता, नळाशी केलेली बरोबरी त्याला सोसली नाही. तो बाहेर जाऊन बसला. रिचेल मात्र आत्याच्या गळ्यात पडली. “वेडी आहेस का आत्या? माझ्यासाठी डोळा देनार होतीस?”

मग थेंब सुरू झाले. दर तासाला, रात्रंदिवस. स्वतःचा पाण्याचा पेला कधी हाताने न घेतलेल्या बेनेडिक्टने ते काम अंगावर घेतलं. पहिला थेंब कपाळावर पडला, दुसरा नाकावर, एक तर थेट कानात. हळूहळू त्याचा नेम बसला. चांगला डोळा झाकून आजारी डोळ्याला काय दिसतं ते रोज बघा, असं बाईंनी सांगितलं होतं. त्यासाठी बेनेडिक्ट खिडकीशी उभा राहून एकेक वस्तू धरी. इनेझ धुक्यात डोळा रोखून म्हणे, नारळ. तो म्हणे, बरोबर. लाटणं? बरोबर. ती हरखून जाई आणि गावभर फोन करून सांगे की आपलं एकही उत्तर चुकत नाही. दवाखान्यातल्या तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षरसुद्धा तिला वाचता येत नसे, तर म्हणे त्यांची छपाईच फिकी आहे.

असे कितीतरी दिवस गेले. मग एका सकाळी बेनेडिक्टने काहीतरी लांबट, पिवळं धरलं.

“केळं,” इनेझ सवयीने म्हणाली.

“बरोबर.”

तेवढ्यात केळं जरा हललं आणि धुक्यातून त्याला एक पट्टा फुटला. मग टाच दिसली. त्यामागे बेनेडिक्टचा चेहरा होता, कडा पुसट, पण चेहराच. तोंडभर हसू आणि गालांवरून घळाघळा पाणी. म्हणजे नारळ नारळ नव्हता. लाटणंही लाटणं नव्हतं. हा माणूस रोज इथे उभा राहून खोटं बोलत होता, रोज रडत होता, आणि तिला ते दिसत नव्हतं. इनेझला त्याची फार माया आली.

“बेनेडिक्ट,” ती म्हणाली, “ती माझी चप्पल आहे.”

तो चपलेकडे बघत राहिला. मग ती छातीशी धरून तिथेच जमिनीवर बसला.

“बरोबर,” तो म्हणाला.