शस्त्र लागण्याआधीची ओटी

उजव्या बरगडीवर गाठ आली तेव्हा मी शाळेत मुलांच्या परीक्षा घेण्यात गुंतले होते. दुखत नव्हती, म्हणून दुर्लक्ष केलं. लिंबाएवढी झाल्यावर आमच्या अकोल्यातल्याच एका डॉक्टरांना दाखवली. चरबीची दिसते, भूल देऊन काढून टाकू, असं ते म्हणाले. मलाही तेच हवं होतं, पण सासूबाई आडव्या आल्या. "अंगाले शस्त्र लागायच्या आधी अंबादेवीची ओटी भरा लागते. रीतच हाय आपल्या घरची." मी चिडले. ओटीपायी ऑपरेशन पुढे ढकलायचं म्हणजे अतीच झालं. देवीवर माझी श्रद्धा होती, पण ती माझ्या सोयीने. तरी घरात कटकट नको म्हणून अमरावतीची बस धरली.

देवळाच्या रांगेत ओटीचं ताट सावरताना पहिल्यांदाच कळ आली आणि मी बरगडी दाबून धरली. पुढची बाई वळली. गाठ आहे, ती काढायची आहे, असं मी सांगितलं.

"तुकडा तपासला काय?" तिनं विचारलं.

"नाही. साधीच गाठ आहे."

"मले बी साधीच म्हनलं होतं. न तपासता काढली, तं तिथंच पुन्हा आली. आता तिसऱ्यांदा आली. तुमी आधी तपासून घ्या बाई, मंगच कापू द्या."

रांग सरकली, ती पुढे गेली. नाव विचारायचं सुचलंच नाही.

खरं सांगते, मला तिचा रागच आला. देवीच्या दारात असलं अभद्र कशाला बोलावं? पण तिचे शब्द डोक्यातून जाईनात. दुसऱ्या डॉक्टरांकडे सुईने तुकडा काढून तपासला, तर स्नायूंत होणारा दुर्मिळ कॅन्सर निघाला. नुसती गाठ उपटली असती तर तो मागे उरला असता, असं ते म्हणाले. गाठीसोबत भोवतालचं चांगलं मांस आणि दोन बरगड्या काढल्या, तिथे आधाराला कृत्रिम जाळी बसवली, पाठीचा स्नायू वळवून तिच्यावर घेतला. सगळं आपल्या हातात ठेवायची माझी सवय. शुद्धीवर आले तेव्हा श्वासही माझ्या हातात नव्हता. 'माय, आता तूच पाहा,' एवढंच मनात आलं. पुढे अहवाल आला. काढलेल्या मांसाच्या कडांना रोग नव्हता, म्हणजे तो पुरता निघाला होता.

सासूबाई म्हणतात, देवीच बोलली. मी वाद घालत नाही. पण मला ती बाईच आठवते. माझ्यासारखीच घाबरलेली, स्वतःसाठी मागायला आलेली, आणि आधी मला सावध करून गेलेली. आता हात जोडले की स्वतःसाठी काही मागावंसं वाटत नाही. माय, तिला बरं कर, एवढंच म्हणते. तिचं नाव मला ठाऊक नाही, तुला असेल.