वहिनींनी हौद घासला

खुब्याचा सांधा बदलायचं ठरलं तेव्हा भावजींना काळजी लागली ती पायाची नाही, मागच्या अंगणातल्या हौदाची. ऑपरेशननंतर व्यायामासाठी इस्पितळातच राहायचं होतं, म्हणजे महिना-दीड महिना घराबाहेर. तेवढे दिवस माशांना चिमूटभर खाणं घालायला आणि पंप चालू आहे ना ते बघायला कुणीतरी हवं होतं. शेजारच्याच घरात थोरला भाऊ आणि वहिनी राहत. भाऊ पक्का विसराळू, चष्मा डोळ्यांवर ठेवून चष्मा शोधणारा. राहिल्या वहिनी.

“सांभाळाल ना?” भावजींनी विचारलं.

“ऑपरेशनची हत्यारं सांभाळण्यात जन्म गेला माझा. तुमचे मासे काय पळून जाणार आहेत?”

“पळता येत नाही त्यांना, म्हणून तर काळजी.” मग जाता जाता म्हणाले, “खाणं थोडंच घाला. बाकी कशालाच हात लावू नका.”

वहिनींना वाटलं, हे भावजींचं सौजन्य. निवृत्त झालेल्या वहिनीला कशाला राबवायचं, म्हणून म्हणत असतील. त्या सूचनेचा त्यांनी लावलेला हा अर्थ पुढे फार महागात पडला.

वहिनी इस्पितळात निर्जंतुकीकरणाच्या खोलीत नोकरीला होत्या. ऑपरेशन थिएटरमधून आलेले चिमटे, कात्र्या, आकडे तिथं यायचे, धुऊन, पुसून, कापडात बांधून वाफेच्या यंत्रात जायचे. प्रत्येक गाठोड्यावर एक चिकटपट्टी असायची. वाफ नीट लागली की पट्टीवरच्या फिकट रेघा काळ्या पडत. एखादी रेघ जरा करडी दिसली तरी वहिनी अख्खं गाठोडं परत यंत्रात टाकत. बाहेर सर्जन घड्याळ बघत उभा असला तरी. “रेघ काळी नाही,” एवढंच सांगायचं आणि दार लावून घ्यायचं. त्यांच्याशी वाद घालायला कुणी जात नसे, कारण त्यांच्या गाठोड्यातून कुणाच्या पोटात जंतू गेल्याचं कधी कुणी ऐकलं नव्हतं. घरीही तोच खाक्या. दाराच्या कड्या, नळांच्या तोट्या, विजेची बटणं, सगळं रोज पुसलं जाई. भावजी त्यांना तोंडावर वहिनी म्हणत आणि पाठीमागे फिनेलवहिनी. हे त्यांना ठाऊक होतं आणि त्यात त्यांना वाईट वाटण्यासारखं काही दिसत नव्हतं.

हौद कमरेइतका उंच, सिमेंटचा, भावजींनी स्वतः बांधलेला. पाणी चहाच्या पहिल्या रंगाचं. भिंतींवर मखमलीसारखं शेवाळ, त्यावर गोगलगायी, कोपऱ्यात पाणवनस्पतींचा गुंता आणि त्यांची लोंबणारी मुळं. बाजूला एक पिंप. पंप हौदातलं पाणी त्या पिंपात चढवायचा, तिथं ते स्पंज आणि दगडगोट्यांमधून झिरपून परत हौदात पडायचं. स्पंज तपकिरी, बुळबुळीत. मासे अकरा, लाल-केशरी. सगळ्यांत मोठ्याच्या कपाळावर पांढरा ठिपका होता आणि तो सकाळ-संध्याकाळ काठाकाठानं फेऱ्या मारायचा, म्हणून त्याचं नाव हेडमास्तर.

वहिनींनी दोन दिवस कळ काढली. तिसऱ्या दिवशी पदर खोचला.

“अगं, मासे आहेत ते, पेशंट नाहीत,” नवरा म्हणाला.

“घाणीत राहून कुणाचं भलं झालंय? तुम्ही टब धरा.”

मासे टबात गेले. हौद उपसला, भिंती ब्रशनं खरवडल्या. गोगलगायी आणि वनस्पती कचऱ्याच्या पिशवीत गेल्या. स्पंज ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात भिजले, दगड उकळत्या पाण्यात. मग सगळं इतक्यांदा खळबळून काढलं की पावडरचा वासही उरू नये. ताजं पाणी भरलं. त्यातलं क्लोरीन माशांना बरं नाही, हे त्यांना माहीत होतं, म्हणून ते एक दिवस उघडं ठेवून मगच मासे सोडले. कामात खोट काढायला जागा नव्हती.

त्या संध्याकाळी भावजींचा फोन आला. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन होतं.

“पाणी कसं आहे?”

“तळाशी सुई पडली तरी दिसेल.”

“सुई?” पलीकडून भावजी म्हणाले. मग, “बरं. खाणं अगदी कमी घाला, वहिनी.” फोन ठेवला गेला.

तीन दिवस मासे मजेत दिसले. चौथ्या दिवशी ते पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडू-मिटू लागले. वहिनींना वाटलं भूक लागली असेल. त्यांनी थोडं जास्त घातलं. पाचव्या दिवशी सकाळी दोन मासे आडवे तरंगत होते. त्या स्वच्छ पाण्यात ते जरा जास्तच स्पष्ट दिसत होते. हेडमास्तर तळाशी पंख मिटून बसला होता.

“भावजींना काही सांगू नका,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “टाके ओले आहेत त्यांचे.”

“मी काय सांगणार? मला आठवत तरी असतं का?”

त्या थेट पाळायचे मासे विकणाऱ्या बाईच्या दुकानात गेल्या. काय झालं ते त्यांनी क्रमवार सांगितलं. उपसलं, खरवडलं, भिजवलं, उकळलं. काही लपवलं नाही. बाई ऐकता ऐकता हातातली जाळी खाली ठेवून स्टुलावर बसली.

“मावशी, मासा पाण्यातच जेवतो आणि पाण्यातच सगळं करतो. त्या घाणीतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया निघतो. ते विष. डोळ्यांना दिसत नाही. ते खाऊन टाकणारे जिवाणू तुमच्या त्या बुळबुळीत स्पंजात राहत होते, दगडांवर राहत होते. ते तुम्ही मारलेत. एकही सोडला नसेल तुम्ही.”

“एकही नाही,” वहिनी म्हणाल्या.

सवयीनं, मान ताठ करून म्हणाल्या. आणि मग त्यांचा चेहरा उतरला.

बाईनं पुढचं सांगितलं. जिवाणू दोन जातींचे. पहिले अमोनियाचं नायट्राइट करतात, पण तेही माशांना मारतं. दुसरे त्याचं नायट्रेट करतात. ते वनस्पती पिऊन घेतात, शेवाळ पितं. शेवाळ गोगलगाय खाते, गोगलगायीची घाण परत जिवाणूंकडे. “हौद म्हणजे एक खानावळ आहे म्हणा ना. प्रत्येकाचं उष्टं दुसऱ्याचं ताट. तुम्ही गिऱ्हाईकं ठेवलीत आणि बाकी सगळ्यांना हाकललंत.”

“परत येतील?”

“आणावे लागतील.” बाईनं आपल्या जुन्या टाकीतला एक स्पंज काढला. काळपट, गाळानं भरलेला. “हा धुवायचा नाही. वाळू द्यायचा नाही. असाच न्यायचा, लगेच.”

बसमध्ये वहिनी मांडीवर ती ठिबकणारी पिशवी घेऊन बसल्या. शेजारच्या बाईनं नाकाला रुमाल लावला. एरवी वहिनींनीच लावला असता. त्यांनी पिशवीचं तोंड जरा सैल केलं, आतल्यांना हवा मिळावी म्हणून.

घरी येऊन त्यांनी तो स्पंज स्वतःच्या हातानं, उकळलेल्या दगडांच्या मधोमध ठेवला. पोरीला सासरी पाठवताना हात इतका जड झाला नव्हता, असं त्या नंतर सांगत. सोबत दुकानातून दोन बाटल्या आणि काचेच्या नळ्या आणल्या होत्या, थेंब टाकून पाणी तपासायच्या. अमोनियाची नळी पिवळी राहिली पाहिजे; हिरवी झाली की विष. दुसऱ्या, नायट्राइटच्या बाटलीनं नळी निळी राहिली पाहिजे; जांभळी होता कामा नये. इथं मात्र वहिनी आपल्या प्रांतात आल्या. रंगानं दिलेली साक्ष त्यांना समजत होती. नळी खिडकीशी, पांढऱ्या कागदासमोर धरून त्या डोळे बारीक करून बघत आणि नवऱ्यानं “पिवळीच दिसतेय की” म्हटलं तर “हिरवट आहे” म्हणून त्याला गप्प करत.

खाणं बंद केलं. रोज सकाळी हौदातलं थोडं पाणी काढायचं आणि आदल्या दिवशी टबात उघडं ठेवलेलं तेवढंच घालायचं. बाकी दिवसभर काही करायचं नाही, आणि हेच सगळ्यांत अवघड होतं. स्वयंपाकघरातला ब्रश त्या उचलत आणि खाली ठेवत. आणखी एक मासा गेला. मग हिरवी नळी हळूहळू पिवळी पडली. वहिनींचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच दुसरी नळी जांभळीगर्द झाली. पहिले जिवाणू कामाला लागले होते, दुसरे अजून आले नव्हते. बाईच्या सल्ल्यानं पाण्यात मोजून मीठ घातलं, पाणी बदलणं वाढवलं. त्याच आठवड्यात चौथा गेला. हेडमास्तरच्या अंगावर लाल रेषा उमटल्या होत्या. तो एका बाजूला कलून पोहत होता.

वहिनींनी खुर्ची हौदाशी नेऊन ठेवली. शेजारपाजारचे विचारत, “काय बघता एवढं?” त्या म्हणत, “कामं चाललीत आत. बघतेय.”

एका सकाळी नळी निळी निघाली. दुसऱ्या दिवशीही निळीच. वहिनींनी तिसऱ्या दिवसापर्यंत कुणाला सांगितलं नाही. मग दुकानातून वनस्पतींची चार रोपं आणि मूठभर गोगलगायी आणल्या. भिंतीवर आधी तपकिरी साय धरली, मग हिरवा थर आला. वहिनींनी त्यावरून बोट फिरवलं. निसरडं. त्यांनी बोट पुसलं आणि भिंत तशीच ठेवली. हेडमास्तर त्या आठवड्यात सरळ पोहायला लागला. फेऱ्या मात्र अजून अर्ध्याच मारायचा.

भावजी वॉकर टेकत घरी आले ते थेट मागच्या अंगणात. ते खुर्चीत बसायच्या आत वहिनी बोलल्या.

“चार गेले. माझ्यामुळे. मी हौद घासला.”

“माहीत आहे.”

“ह्यांनी सांगितलं?”

“तुम्हीच सांगितलंत. सुई दिसेल म्हणालात ना.” भावजी पाण्याकडे बघत होते. “ऐकलं आणि वाटलं, गेले सगळेच.”

“मग बोलला का नाहीत?”

“घासून तर झालं होतं. तेव्हा ओरडलो असतो, तर तुम्ही हात आखडता घेतला असता. मग त्यांच्याकडे बघणारं कोण होतं?”

सात मासे रोपांच्या सावलीत उभे होते. भावजींनी त्यांना एकदा मोजलं, परत मोजलं. मग खिशातून फोन काढला. “दुकानात सांगतो. चार पाठवून दे म्हणतो, आजच.”

“अजिबात नाही,” वहिनी म्हणाल्या. “सात जणांची घाण खाण्याइतकेच जिवाणू आहेत आत. एकदम अकरा झाले की परत हिरवं. एक आणायचा. नळी आठवडाभर पिवळी आणि निळी राहिली, तरच दुसरा.”

“हौद माझा आहे, वहिनी.”

“असू दे.”

भावजींनी फोन खिशात ठेवला. त्यांनी विचारलं, “मग पहिला कसला आणू?”

“लहान आणा. मोठा झेपायचा नाही पाण्याला.”